घरच्या बिअरला फळांचा स्वाद : गोडी कुठे जाते?

अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करणे हा रीतसर छंद आहे. १९७८ साली तेथील संघीय कायद्यात बदल झाला आणि दोन किंवा अधिक प्रौढ व्यक्ती असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त बनविण्याची मुभा मिळाली. या छंदात पडलेल्यांना लवकरच फळांचा मोह होतो. रासबेरी, चेरी, पीच किंवा डबाबंद आमरस बिअरमध्ये मिसळला जातो. काही आठवड्यांनी बाटली उघडली की फळाचा गंध जाणवतो, पण गोडी नाहीशी झालेली असते. बिअर उलट आंबट आणि कोरडी लागते.

यामागचे कारण सोपे आहे. बिअर तयार होते ती यीस्ट या सूक्ष्मजीवामुळे. माल्टच्या काढ्यातील साखर खाऊन यीस्ट मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. फळातील ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या शर्करा तर यीस्टला माल्टमधील शर्करेपेक्षाही सहज पचतात. त्यामुळे गोडी संपते. मागे उरतात ती फळातील आम्ले, रंग आणि सुगंध.

ब्रुसेल्सच्या परिसरातील 'क्रीक' ही बिअर याचे उत्तम उदाहरण होय. लाकडी पिंपांत मुरलेल्या 'लँबिक' बिअरमध्ये आंबट चेरी घालून ती काही महिने ठेवली जाते. पारंपरिक क्रीक चवीला आंबट असते. बाजारातील गोड क्रीकमध्ये नंतर फळांचा रस वा साखर घालून पाश्चरीकरणाने यीस्ट निकामी केलेले असते.

फळ कधी घालावे, यालाही महत्त्व आहे. सुरुवातीच्या जोमदार किण्वनात बाहेर पडणारा वायू फळाचा सुगंधही सोबत घेऊन जातो. म्हणून पहिला जोर ओसरल्यावर फळ घालण्याची पद्धत आहे. फळ आधी गोठवले तर त्याच्या पेशी फुटतात आणि रस सहज उतरतो. जंतूंच्या भीतीने फळ उकळणे मात्र टाळावे. उकळल्याने त्यातील पेक्टिन सुटते आणि बिअर गढूळ होते.

खरा धोका पुढे आहे. बाटलीत फेस यावा म्हणून भरतेवेळी लिटरमागे साधारण सहा ते सात ग्रॅम साखर घालतात. आंब्याच्या गरात दर शंभर ग्रॅममागे सुमारे चौदा ग्रॅम शर्करा असते. म्हणजे लिटरमागे शंभर ग्रॅम गर घालून किण्वन संपण्याआधीच बूच लावले, तर फेसासाठी लागणाऱ्या साखरेच्या दुप्पट साखर आत कोंडली जाऊ शकते. डब्यातील रसात वरून साखर घातलेली असेल तर हा आकडा आणखी वाढतो. वायूचा दाब काचेला सोसत नाही आणि बाटली फुटते. उडालेल्या काचांनी हाताला किंवा डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. शीतकपाटात ठेवल्याने यीस्ट मंदावते, मरत नाही. म्हणून हायड्रोमीटरने घनता मोजावी आणि काही दिवसांच्या अंतराने घेतलेली मोजमापे सारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नयेत.

मग गोडी राखायची कशी? पहिला उपाय लॅक्टोज, अर्थात दुग्धशर्करा. बिअरचे यीस्ट ती पचवू शकत नाही. मात्र दूध न पचणाऱ्यांना तिची पूर्वकल्पना द्यायलाच हवी. दुसरा उपाय क्रिस्टल माल्टचा; भाजणीमुळे त्यातील काही शर्करा यीस्टला न पचणाऱ्या बनतात. सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडीही टिकते, परंतु तिची चव सर्वांना रुचत नाही. पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट वापरून यीस्टची वाढ रोखता येते. तथापि, मग बाटलीत नैसर्गिक फेस येत नाही. पिंपात बाहेरून वायू भरावा लागतो.

अमेरिकेतील मराठी मंडळींना डब्यातील हापूस वापरून हा प्रयोग करता येईल. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. तेव्हा येथील वाचकांनी ही माहिती पेल्यातील फळाची बिअर समजून घेण्यापुरतीच ठेवावी, हे उत्तम.