डिंक्या, कोळशी आणि एम.एस्सी.

आमच्या वरूडच्या रेल्वे स्टेशनची पाटी कधी नीट वाचलीत? तिच्यावर लिहिलंय ‘वरूड ऑरेंज सिटी’. ऑरेंज सिटी म्हणून मिरवतं नागपूर, पण स्टेशनच्या पाटीवर हे नाव आणलं वरूडनं. नरखेड-अमरावती मार्गावरच्या या गावात संत्र्याला दोन बहार येतात, आंबिया आणि मृग. उन्हाळा सरता सरता तिसराही येतो, तो निकालांचा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुटतं आणि भेटेल तो विचारतो, “आता पुढं काय करतं बाप्पा?” उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षा. जावं, खुशाल जावं. पण बॅग भरण्याआधी घराच्या जवळपास सरकारी विद्यापीठांनी काय काय मांडून ठेवलंय, ते तरी पाहून घ्या. त्यातल्या कित्येक गोष्टी माझ्याही कानावर फार उशिरा आल्या.

आधी शब्दाची गंमत. ‘पदव्युत्तर’ म्हणजे पदवी अधिक उत्तर. शाळेत यण् संधीला हे उदाहरण हटकून असायचं. इथलं ‘उत्तर’ प्रश्नाचं उत्तर नाही, त्याचा अर्थ ‘नंतरचं’. आणि ‘स्नातक’ या शब्दात चक्क आंघोळ आहे! गुरूकडचं शिक्षण संपलं की शिष्य विधिपूर्वक स्नान करून घरी परतायचा, म्हणून तो स्नातक.

दुसरी गंमत रोजच्या कामाची. नावात ‘बॅचलर’ असूनही आधीची पदवी असल्याशिवाय मिळत नाहीत, अशा पदव्या आहेत. बी.एड. तशी, ग्रंथालयशास्त्राची बी.लिब. तशी आणि तीन वर्षांची एलएल.बी.ही तशीच. उलट, बी.एस्सी. झालेल्या मुलीला मराठी साहित्यात एम.ए. करायचं असेल, तर शाखा बदलली म्हणून दार बंद होत नाही. आपल्याकडे बारावीला घेतलेली शाखा जन्माची गाठ असल्यासारखी धरून बसतात. तसं काही नसतं.

शाळेबाहेरच्या माणसाचं विद्यापीठ

वरूडच्या महात्मा फुले महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर नाव असतं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं. स्थापना १ मे १९८३, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याकडे. त्याआधी इथले पदवीधर नागपूर विद्यापीठाचे असत. ते विद्यापीठ १९२३चं. त्याच्याही आधी नागपूरच्या कॉलेजांवर अलाहाबाद विद्यापीठाचा शिक्का असायचा. वऱ्हाडात तर १९२३पर्यंत कॉलेजच नव्हतं. त्या वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं. आज सारा जिल्हा ज्याला ‘व्हीएमव्ही’ म्हणतो, ते हेच.

विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि त्या कीर्तनात एक विषय हमखास : जेवायचं ताट विकावं लागलं तरी चालेल, पण लेकराला शाळेत घाला. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या नावानं आज पीएच.डी. दिली जाते. जगात अशी विद्यापीठं फार नसावीत, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

२००५ साली या विद्यापीठाला बाबांचं नाव लागलं आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. तुकडोजी महाराज मूळचे यावलीचे, म्हणजे अमरावती जिल्ह्याचेच. विदर्भातल्या दोन मोठ्या विद्यापीठांना नावं दिली ती एकाच जिल्ह्यातल्या दोन कीर्तन-भजनवाल्यांनी! नागपुरात ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विचारधारा’ हा एम.ए.चा स्वतंत्र विषय आहे, ‘डॉ. आंबेडकर विचारधारा’ हाही. ज्यांची भजनं आजोबांनी खंजिरीवर म्हटली, त्यांच्या विचारावर नातवाला पदव्युत्तर पदवी घेता येते.

अमरावती विद्यापीठाचा परिसर तपोवनाला लागून. हे तेच तपोवन, जिथं दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांना हक्काचं घर दिलं. परिसरात झाडी एवढी की बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मात्र वरूडच्या पोरांसाठी त्या परिसरातलं खरं आकर्षण भूगर्भशास्त्र विभागात आहे. वरूड आणि मोर्शी तालुक्यांत बोअर मारून मारून भूजल इतकं खाली गेलं, की हा पट्टा ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला गेला. विहीर कोरडी का पडली, बोअर कुठं लागेल, काळ्या पाषाणात पाणी मुरतं कसं, याचं शास्त्र शिकलेली माणसं या तालुक्याला गावागणिक हवीत. नारळ हातात धरून पाणी दाखवणारे आपल्याकडे भरपूर आहेत, भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलेले मोजके.

बागेतला अभ्यासक्रम

आता माझा आवडता भाग. ज्या शब्दांवर वरूडच्या बांधावर रोज खल चालतो, तेच शब्द अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात प्रबंधाचे विषय होतात. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला की शेतकरी म्हणतो ‘डिंक्या आला’. त्यामागच्या फायटोफ्थोरा नावाच्या रोगकारकाचा अभ्यास म्हणजे वनस्पती रोगशास्त्रातली एम.एस्सी. पानांवर काजळी धरली की ‘कोळशी’. ती पसरते काळ्या माशीच्या चिकट स्रावावर, म्हणून तिचा विषय कीटकशास्त्रात. बहार धरण्यासाठी झाडाला ‘ताण’ देतात, म्हणजे ठरावीक दिवस पाणी तोडतात. तो किती दिवस द्यायचा, हा उद्यानविद्येचा प्रश्न. वडिलांनी चाळीस वर्षं अंदाजानं जे केलं, त्याचं मोजमाप शिकायला पोरगं अकोल्याला जाऊ शकतं. मात्र कृषीच्या एम.एस्सी.साठी कृषी किंवा संबंधित विषयाची पदवी लागते आणि प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९चं. ते सहजासहजी मिळालं नाही. विदर्भाचं कृषी विद्यापीठ अकोल्यातच व्हावं म्हणून आंदोलन पेटलं होतं आणि त्यात तरुणांचे जीव गेले. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे, ते पंजाबराव, म्हणजे भाऊसाहेब, पापळच्या शेतकऱ्याचे पोर. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि प्रबंधाचा विषय कापूस नव्हता, ज्वारीही नव्हती, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा होता! पुढे तेच देशाचे कृषिमंत्री झाले. शाखा म्हणजे जन्माची गाठ मानणाऱ्यांनी हे उदाहरण घरात लावून ठेवावं.

याच विद्यापीठाची ‘पीडीकेव्ही मिनी दालमिल’ गावोगावी तुरीची डाळ करून देते. विद्यापीठाचं इंग्रजी लघुरूप यंत्राचं नाव होऊन बाजारात फिरतं, ही दाद काही लहान नाही. अकोल्यातच पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते.

पदवी नको, वेळ नाही, पण हातातल्या कामाला कागद हवा? शेंदूरजनाघाटची संत्र्याची कलमं लांबलांबचे शेतकरी नेतात. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारे तिथले हात डॉक्टरच्या टाक्यासारखे नेमके. अशा हातांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९मध्ये स्थापन झालेलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. माळी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, फळबाग उत्पादनाची पदविका असे अभ्यासक्रम त्यानं राबवले आहेत. काम सुटत नाही, घर सुटत नाही, अभ्यासकेंद्र जिल्ह्यात. मला विचाराल तर नर्सरीवाल्या घरातल्या सुनांनी या अभ्यासक्रमांची चौकशी सर्वांत आधी करावी. कलमं त्या बांधतात आणि पाटीवर नाव मात्र दुसऱ्याचं असतं.

मोर्शीच्या वाटेवरचं नवं विद्यापीठ

शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंचं गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथं, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबाही याच पंथातली. त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. २०२३मध्ये त्याचा कायदा झाला, २०२४मध्ये पहिले कुलगुरू म्हणून डॉ. अविनाश आवलगावकर आले, आणि ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ जिथं लिहिला गेला, तिथंच मराठीत एम.ए. करायची संधी वरूडहून एसटीच्या टप्प्यात आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला त्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागेल, आपल्याला डबा घेऊन निघायचं आहे.

मैदानावर रमणाऱ्यांसाठी अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. संस्था खासगी, पदवी मात्र विद्यापीठाची. १९१४मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याचं पथक १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिकडे जाऊन कबड्डीसह देशी खेळ दाखवून आलं. त्याच मंडळाच्या महाविद्यालयात आज शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेता येते.

श्रेयांकांची बचत

नव्या शैक्षणिक धोरणानं हिशेब बदललाय, तो समजून घ्या. वर्गातल्या १५ तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला किमान ८० श्रेयांक लागतात. घरच्या अडचणीनं एकाच वर्षानंतर थांबावं लागलं, तरी ४० श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका हातात पडते, वर्ष वाया जात नाही. आमच्या वेळी अर्धवट सुटलेल्या एम.ए.ची किंमत शून्य होती, आणि लग्न ठरलं म्हणून सुटलेली अशी कितीतरी एम.ए. मी पाहिली आहेत. आता जमवलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट’मध्ये साधारणपणे सात वर्षं शाबूत राहतात. ज्यांनी पदवीचं चौथं, ऑनर्सचं वर्ष केलंय, त्यांची पदव्युत्तर पदवी एकाच वर्षात होते.

एप्रिल २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायलाही परवानगी दिली आहे. वरूडला राहून एम.कॉम. आणि जोडीला मुक्त विद्यापीठाची फळबागेची पदविका, असं आता चालतं.

पदवीला मतही असतं

पदवी मिळून तीन वर्षं झाली की विधान परिषदेच्या अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात तुमचं मत तयार होतं. पण नाव आपोआप चढत नाही. नमुना १८ स्वतः भरावा लागतो, आणि दर निवडणुकीला यादी नव्यानं होते. विद्यापीठाच्या अधिसभेतही नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. फी किती, निकाल कधी, नवे विषय कोणते, यावर तिथं बोललं जातं. तिथंही नोंदणी आपली आपणच करायची.

शेवटी एक कागद, ज्यापायी दरवर्षी कोणाचा तरी प्रवेश अडतो. वरूडहून नागपूर आणि अमरावती अंतरानं जवळपास सारखीच, पण वर्धा नदी ओलांडली की विद्यापीठ बदलतं. काटोलला किंवा आष्टीला पुढचा प्रवेश घ्यायचा, तरी अमरावती विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे आपलं ‘मायग्रेशन’, लागतं. पोरांनो, नदीपलीकडे जायचं ठरलं असेल, तर निकाल हाती आला त्याच आठवड्यात त्याचा अर्ज टाका.