ग्रंथपालाचे शिक्षण व वाचनाची जागा

ग्रंथपालाचे काम पुस्तके सांभाळण्याचे, ही समजूत अद्याप रूढ आहे. वस्तुतः वाचक व ग्रंथ यांची गाठ घालून देणे हे त्याचे खरे कार्य होय. आणि अध्यापनाप्रमाणे तेही शिकावे लागते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून १९११ साली बडोद्यास ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू करविला. गणिताचे अध्यापक असलेले डॉ. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व लंडनला जाऊन त्यांनी या शास्त्राचे शिक्षण घेतले. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे.

वाचक ओळखल्यावाचून सेवा सुधारत नाही. मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगराचे उदाहरण घ्यावे. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नाखवा-खलाशी घरी, बाहेर पाऊस. दाट वस्तीतील लहान घरात त्या वेळी विद्यार्थ्यास निवांत कोपरा दुर्मिळ. अशी मुले ज्या शाळेत वा महाविद्यालयात जातात, तेथील ग्रंथालयाने नेमके याच दिवसांत सायंकाळी दार उघडे ठेवावे. एकट्याने वाचण्याची व मिळून चर्चा करण्याची जागा वेगळी असावी. कपाटे कुलूपबंद नसावीत. ओल लागू नये म्हणून ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत.

ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांनी एक वही ठेवावी. मागितलेले परंतु न मिळालेले पुस्तक तीत नोंदवावे व केंद्रसंमेलनात ती वही सर्वांपुढे वाचावी. प्रशिक्षणाचा पहिला धडा तोच होय.