परदेशी जाणाऱ्या बांधवांसाठी शासकीय सेवा व साहाय्य

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन. पुढे ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली तेथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले, तेव्हा स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांचाच आधार होता. परक्या देशात सरकारची मदत मिळते, पण ती अटी, मुदत आणि कागद यांनी बांधलेली असते, हे यावरून ध्यानात येते. आज सोयी पुष्कळ वाढल्या आहेत, तरी ही गोष्ट बदललेली नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या सोयींची माहिती देताना, निघण्यापूर्वी काय करावे यावर भर दिला आहे.

प्रथम कामगार बांधवांचा विचार करू. परदेशी नोकरीस जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी १९८३ साली उत्प्रवास कायदा झाला. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ई.सी.आर.' असा शेरा असतो. अशा व्यक्तीस सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याकडून मिळते. त्यांचे एक कार्यालय मुंबईत असून अर्ज 'ई-मायग्रेट' या संगणकीय प्रणालीवर होतो. पुष्कळांना ही परवानगी म्हणजे कटकट वाटते. वास्तविक याच वेळी मालकाचे नाव, पगार व नोकरीचा करार सरकारदरबारी नोंदला जातो.

येथेच फसवणूक होते. काही दलाल 'परवानगीची गरज नाही, व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर कागद करू' असे सांगतात. असा माणूस रोटेगाव स्थानकावरून मुंबईला जाईल, विमानातही बसेल. परंतु त्याचा करार कोठेच नोंदलेला नसतो. उद्या पगार थकला किंवा मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर तक्रार कोणाविरुद्ध आणि कशाच्या आधारे करावयाची? म्हणून एजंट नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे ई-मायग्रेटवर आधी पाहावे. नोंदणीकृत एजंटास कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जी.एस.टी. एवढेच सेवाशुल्क घेता येते. ते रोख न देता बँकेमार्फत द्यावे व पावती घ्यावी. पावतीविना दिलेला पैसा सिद्ध करणे फार कठीण जाते.

ई.सी.आर. पासपोर्टवर कामास जाणाऱ्यांस 'प्रवासी भारतीय बीमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता असून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पॉलिसीची एक प्रत घरी अवश्य ठेवावी. विमा आहे हेच घरच्यांना ठाऊक नसेल, तर मागणी करणार कोण?

परदेशात संकट आल्यास भारतीय दूतावासाकडे जावे. २००९ साली 'भारतीय समुदाय कल्याण निधी' सुरू झाला. दूतावासातील सेवांवर आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून तो उभा राहतो. म्हणजे तो आपल्याच लोकांचा पैसा आहे. अडकलेल्या गरजू व्यक्तीस निवारा, परतीचे तिकीट, तातडीचे औषधोपचार, कायदेशीर साहाय्य, तसेच मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च यातून होऊ शकतो. २०१५ पासून 'मदद' या प्रणालीवर घरच्या माणसासही तक्रार नोंदविता येते. मात्र त्यासाठी पासपोर्टची छायाप्रत, व्हिसा, करार व मालकाचा पत्ता घरी असावयास हवा.

आता विद्यार्थ्यांसाठी. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून दरवर्षी ७५ जणांची निवड होते. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता व विमान प्रवास यांचा त्यात समावेश आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयोमर्यादा ३५ व पीएच.डी.साठी ४० वर्षे आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. दोहोंना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची व कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षाची जाहिरात पूर्ण वाचावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व पासपोर्ट ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षीच तयार ठेवावीत. तिकडे पोहोचताच दूतावासाकडे नोंद करावी. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा 'ऑपरेशन गंगा'द्वारे हजारो भारतीय विद्यार्थी परत आणले गेले. अशा वेळी आपला माणूस कोठे आहे, हे सरकारला ठाऊक असणे किती मोलाचे असते!

बँकेच्या व्यवहारासंबंधीही दोन शब्द. नोकरीनिमित्त परदेशी राहू लागल्यावर येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते 'एन.आर.ओ.' करून घ्यावे लागते. परदेशातील कमाई 'एन.आर.ई.' खात्यात ठेवल्यास व्याजावर येथे आयकर लागत नाही व रक्कम पुन्हा परदेशी नेता येते. एन.आर.ओ. खात्याच्या व्याजावर मात्र कर कापला जातो. खात्यास वारसाची नोंद अवश्य करावी.

या साऱ्या सेवा आज संगणकावर आल्या आहेत, आणि ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे तो दहावीपर्यंत न पोहोचलेला कामगार त्या वाचू शकत नाही, ही यातील खरी अडचण आहे. येथे शिकलेल्यांचे काम सुरू होते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतील कोणी परदेशी निघाला, तर त्याचा करार त्याला वाचून दाखवा, एजंटचे नाव तपासा, आणि कागदांचा एक संच त्याच्या घरी ठेवावयास लावा. एवढे केले तरी दूरदेशी गेलेल्या माणसापर्यंत सरकारची मदत पोहोचण्याचा मार्ग मोकळा राहील.