फोटोच्या खोक्यात दडलंय काय?



आज आपण एका यंत्राचं पोट उघडून बघणार आहोत. पडदा लावलेलं, मोठ्या कपाटाएवढं एक खोकं असतं. मैत्रिणींनी मिळून आत शिरायचं, नाणी टाकायची, हसायचं. थोड्या वेळात खालच्या फटीतून कागद बाहेर येतो. त्यावर आपलेच छोटे छोटे फोटो. टिकलीच्या पाकिटावरून टिकली सोडवावी, तसा एकेक फोटो सोडवायचा आणि हवा तिथं चिकटवायचा.

हे यंत्र जपानमधलं. नाव 'प्रिंट क्लब', पण तिथल्या मुली त्याला 'पुरिकुरा' म्हणतात. ते सुचलं एका बाईला. मिहो सासाकी ही ॲटलस नावाच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. मुलींना फोटोंचं आणि स्टिकरचं किती वेड आहे, हे तिनं पाहिलं होतं. 1994 मध्ये तिनं ही कल्पना मांडली. वरच्या पुरुष साहेबांनी आधी ती नाकारली. पुढे त्याच कंपनीनं सेगा कंपनीच्या मदतीनं यंत्र तयार केलं आणि जुलै 1995 मध्ये ते बाजारात आलं. मुलींनी त्यापुढे रांगा लावल्या. मुलींना काय हवं हे मुलींमध्ये वावरणारीलाच ठाऊक होतं.

आता आत डोकावू या. पहिला भाग नाण्यांचा. त्या काळी 300 येन पडायचे, म्हणजे शंभराची तीन नाणी. नाणं घसरत खाली जाताना त्याचा आकार आणि जाडी तपासली जाते. ते तारेच्या वेटोळ्यांजवळून गेलं की धातू कोणता तेही कळतं. खोटं नाणं असलं तर खडखडत परत.

दुसरा भाग कॅमेरा आणि पडदा. कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि लगेच पडद्यावर दाखवतो. कोणाचं डोकं कापलं जातंय, कोण मागे लपलंय, ते आधीच दिसतं.

तिसरा भाग उजेड. भर दुपारच्या उन्हात फोटो काढला की डोळ्यांखाली काळी सावली पडते. इथं दिवे दुधी पत्र्याआड असतात. त्यामुळे उजेड पसरतो, चेहरा सगळीकडून सारखा उजळतो.

चौथा भाग मेंदू, म्हणजे संगणकाची पाटी. पहिल्या यंत्रात सेगाची गेमचीच पाटी होती, त्यांच्या घरगुती 'मेगा ड्राइव्ह' खेळाच्या जवळची. चौकटी, फुलं, चित्रं तिच्यात साठवलेली असत. आपण चौकट निवडली की ती फोटोवर बसायची.

पाचवा भाग छपाईचा, आणि तो नीट ऐका. अशा यंत्रांत सहसा शाईच्या बाटल्या नसतात. एका पातळ फितीवर पिवळा, किरमिजी आणि निळा असे रंगांचे तुकडे ओळीनं असतात. समोर बारीक बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची पट्टी असते. ठिपका जितका तापेल, तितका रंग वाफ होऊन कागदात मुरतो. कागद पुढेमागे सरकतो, दर खेपेला एक रंग चढतो. बऱ्याच प्रिंटरांत शेवटी वरून पारदर्शक थरही बसतो. म्हणून फोटो हातात येतो तोच कोरडा. पहिल्या यंत्रातून एकाच फोटोच्या 16 प्रती निघायच्या, मैत्रिणींत वाटून घ्यायला सोयीच्या.

आपल्याकडे लग्नात, मेळाव्यात जागच्या जागी फोटो छापून देणारेही बरेचदा याच जातीचे प्रिंटर वापरतात. म्हणून दोन गोष्टी गाठीशी बांधा.

पहिली पैशाची. फोटोत रंग कमी असो की जास्त, फितीचे तिन्ही तुकडे खर्च होतातच. फीत आणि कागद जोडीनं येतात. म्हणजे एका जोडीत किती फोटो निघतील, हे आधीच ठरलेलं असतं. जत्रेत असा स्टॉल टाकायचा विचार गटात निघाला, तर जोडीच्या किमतीला फोटोंच्या संख्येनं भागा. एका फोटोचा सामानखर्च तिथंच कळेल. त्यात वीज, यंत्राचं भाडं आणि तुमची मजुरी धरा, मगच दर ठरवा.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. ज्या जागेवरचा रंग कागदावर गेला, ती जागा फितीवर फिकी पडते. म्हणजे वापरलेल्या फितीवर प्रत्येक फोटोची उलटी छाप राहते. उजेडात धरली तर चेहरे ओळखू येतात. फोटो आपण घरी नेतो, पण त्याची छाप यंत्रातच राहते. ती फीत कचऱ्यात गेली, तर कोणाच्याही हाती लागू शकते.

तेव्हा कार्यक्रमाला फोटोवाला बोलावलात, तर पैसे देतानाच विचारा, "दादा, वापरलेल्या फितीचं काय करता?" ती तुमच्यासमोर कातरीनं बारीक कापायला लावा. गटाचाच स्टॉल असेल, तर हे काम एकीवर सोपवा. आपल्याकडे फोटो काढणाऱ्या लेकीबाळींचा तेवढा विश्वास आपण सांभाळलाच पाहिजे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार!