अबू जिहाद : शाळामास्तर, सेनापती, संघटक

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांचा एक अभ्यासवर्ग झाला. विषय होता जगातील मुक्तिलढे. गाझातील युद्धाची दृश्ये सर्वांनीच पाहिलेली असल्यामुळे चर्चा पॅलेस्टाईनवर येऊन थांबली. तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, फार लांबवू नका. हे बंदूकवाले लोक क्रांतिकारक की अतिरेकी, एका शब्दात सांगा." मला एका शब्दात सांगता आले नाही. मुले हसली. घरी परतताना वाटले, शब्द शोधत बसण्यापेक्षा एका माणसाचे आयुष्य त्याच्यापुढे मांडायला हवे होते. ते आता मांडतो.

त्या माणसाचे नाव खलील अल-वझीर. जग त्याला अबू जिहाद म्हणून ओळखते. नावाने दचकण्याचे कारण नाही. थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारण्याची अरबांत रीत आहे. अबू जिहाद म्हणजे जिहादचा बाप. यासर अराफतच्या जोडीने त्याने 'फतह' ही संघटना उभी केली आणि पंचवीस वर्षे तिच्या सशस्त्र लढ्याची सूत्रे हलवली.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १९३५ चा, रामला या गावचा. पश्चिम किनाऱ्यावरचे रामल्ला निराळे. हे जाफाजवळचे जुने शहर. बाप किराणा दुकानदार. १९४७ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. भारताने त्या ठरावाच्या विरुद्ध मत दिले होते. मे १९४८ मध्ये इस्रायल हे राज्य जाहीर झाले, शेजारच्या अरब देशांनी युद्ध पुकारले आणि जुलैत इस्रायली सैन्याने लिद्दा व रामला ही दोन्ही शहरे घेतली. तेथील पन्नास ते सत्तर हजार माणसे हुसकावण्यात आली. ऐन उन्हाळ्यात पोरेबाळे, म्हातारीकोतारी चालत निघाली. कित्येकजण तहानेने वाटेतच गेले. लिद्दाच्या रहिवाशांना हाकलण्याच्या लेखी हुकमावर यित्झाक राबिन या तरुण अधिकाऱ्याची सही होती. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. खलील त्या वेळी बारा वर्षांचा होता.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इस्रायल उभारणाऱ्यांच्या पाठीशी युरोपातील साठ लाख ज्यूंच्या कत्तलीची आठवण होती. ते दुःख खोटे नव्हते. परंतु त्या पापाची किंमत ज्यांनी ते केले नव्हते त्यांच्याकडून वसूल झाली. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाचे समर्थन होऊ शकत नाही, हा धडा मला या इतिहासात पानोपानी दिसतो, आणि तो पुढे अबू जिहादलाही लावावा लागतो.

अल-वझीर कुटुंब शेवटी गाझातील अल-बुरैज छावणीत येऊन पडले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेने निर्वासितांसाठी शाळा काढल्या, त्यात खलील शिकला. पॅलेस्टिनी निर्वासितांनी शिक्षणाचा जो ध्यास घेतला, त्याचे कारण मला पुस्तकातून शोधावे लागले नाही. माझ्या घराण्यात पदवीचा कागद प्रथम माझ्या हाती आला. वडील तो उलटसुलट पाहत राहिले; त्यांना वाचता येत नव्हते, पण पत्र्याच्या पेटीत तो त्यांनी स्वतः ठेवला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला दाखल्याची किंमत कळते. जमीन हिरावून घेता येते, शिकलेले हिरावून घेता येत नाही, हे छावणीतल्या आईबापांनी ओळखले होते.

गाझा तेव्हा इजिप्तच्या ताब्यात होता. विद्यार्थीदशेतच खलीलने मित्रांचा एक गट बांधला आणि सीमेपलीकडे लहानसहान घातपात सुरू केले. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी त्याला तुरुंगात टाकले. म्हणजे त्याला पहिला तुरुंग दाखवला तो अरब सरकारने. पुढे तो अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात गेला, पण शिक्षण अर्धवट राहिले. १९५७ मध्ये पोटासाठी सौदी अरेबियात आणि मग कुवेतमध्ये तो शाळामास्तर झाला. १९६३ पर्यंत त्याने ही मास्तरकी केली.

कुवेतमध्ये नोकरीनिमित्त आलेले अनेक सुशिक्षित पॅलेस्टिनी होते. अभियंता अराफत त्यांतलाच. दिवसा नोकरी आणि रात्री बैठका, अशा वातावरणात १९५९ च्या सुमारास फतह जन्माला आली. संघटनेच्या अरबी नावाची आद्याक्षरे सरळ वाचली तर 'हतफ', म्हणजे मरण, असा शब्द होतो; उलट वाचली की 'फतह', म्हणजे विजय. त्यांचा विचार साधा होता. अरब राजे आणि अध्यक्ष आपल्याला सोडवतील ही आशा फोल आहे. आपली सुटका आपणच केली पाहिजे. त्या काळी सारे अरब जग नासेरच्या भाषणांवर डोलत होते. त्या काळात असे म्हणणे धाडसाचे होते.

हा विचार पसरवायला त्यांनी आधी बंदूक घेतली नाही. त्यांनी एक मासिक काढले. 'फिलस्तीनुना', म्हणजे आमचे पॅलेस्टाईन, हे त्याचे नाव. १९५९ पासून ते बैरूतमधून निघत असे आणि त्याच्या संपादनाचा मोठा भार खलीलवर होता. विखुरलेले वाचक, विखुरलेले गट या मासिकामुळे एकमेकांना सापडले. नियतकालिक म्हणजे केवळ छापील कागद नसून विखुरलेल्या माणसांना जोडणारा धागा असतो, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी फतहने तेथे कार्यालय उघडले आणि खलील त्याचा प्रमुख झाला. १९६४ मध्ये तो व अराफत चीनला जाऊन आले. १ जानेवारी १९६५ रोजी फतहने पहिल्या सशस्त्र कारवाईची घोषणा केली. इस्रायलच्या पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यावर सुरुंग लावण्याचा तो बेत फसला, पण तो दिवस फतहचा वर्धापनदिन ठरला. १९६६ मध्ये सीरियाने अराफत व खलील दोघांनाही तुरुंगात घातले. त्या काळात कामाची जबाबदारी खलीलची पत्नी इंतिसार हिने सांभाळली. चळवळीच्या इतिहासात बायकांची नावे तळटिपेत जातात, म्हणून ते येथे मुद्दाम लिहितो.

१९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात अरब सैन्यांचा धुव्वा उडाला. पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले. २१ मार्च १९६८ रोजी जॉर्डनमधील करामे येथे फतहच्या लोकांनी, जॉर्डनच्या तोफखान्याच्या साहाय्याने, इस्रायली सैन्याला तोंड दिले. हजारो तरुण संघटनेकडे धावले आणि १९६९ मध्ये अराफत पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचा अध्यक्ष झाला. परंतु १९७०-७१ मध्ये जॉर्डनच्या राजाने रणगाडे घालून या साऱ्यांना देशाबाहेर काढले. ते लेबननमध्ये गेले.

आता या आयुष्यातला काळा भाग. तो झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७३ नंतर व्याप्त प्रदेशातील आणि इस्रायलमधील कारवायांचा विभाग खलीलकडे आला. मार्च १९७५ मध्ये समुद्रातून आलेल्या टोळीने तेल अवीवच्या सॅव्हॉय हॉटेलात ओलीस धरले. आठ ओलीस मेले. ११ मार्च १९७८ रोजी अशाच टोळीने किनाऱ्याच्या रस्त्यावर बस पळवली. त्यात १३ मुलांसह ३८ इस्रायली ठार झाले. या मोहिमांची आखणी अबू जिहादची होती. बाराव्या वर्षी ज्याला घराबाहेर काढले, त्याच्या आखणीत बसमधली मुले मेली. 'त्यांनीही आमची मुले मारली' हे वाक्य खरे आहे, पण ते उत्तर नव्हे. बसमधल्या मुलाने कोणालाही रामल्यातून हाकलले नव्हते. शोषिताच्या हातून झाले म्हणून खुनाचे नाव बदलत नाही. आणि व्यवहार म्हणून पाहिले तरी काय साधले? तीनच दिवसांनी इस्रायलने दक्षिण लेबननवर स्वारी केली. हजाराच्या वर माणसे मेली, लाखो बेघर झाली. त्या मेलेल्यांतही मुले होती.

१९८२ मध्ये इस्रायलने बैरूतला वेढा दिला. संघटनेला लेबनन सोडावे लागले. तिच्या मागे साब्रा व शतिला येथे निःशस्त्र निर्वासितांची कत्तल झाली. नेतृत्व ट्युनिसला, मायभूमीपासून हजारो किलोमीटर दूर, जाऊन बसले. सैन्य गेले, सीमा गेली. बहुतेक सेनापती अशा वेळी आठवणी लिहायला बसतात. खलीलच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र येथून पुढे दिसतो.

त्याने आपले लक्ष व्याप्त प्रदेशात राहणाऱ्या साध्या माणसांकडे वळवले. फतहची 'शबीबा' ही युवक चळवळ गावोगाव, छावण्याछावण्यांत रुजली. रस्ते झाडणे, शाळा दुरुस्त करणे, पिकाच्या वेळी शेतकऱ्याला हात देणे, विद्यापीठांच्या विद्यार्थी निवडणुका लढवणे, कैद्यांच्या कुटुंबांची विचारपूस करणे, अशी तिची कामे. यात पोस्टरवर छापण्यासारखे काही नव्हते. पण तुरुंगातून सुटलेला पोरगा, शिक्षक, शिवणकाम करणारी बाई हे सारे एका जाळ्यात आले.

डिसेंबर १९८७ मध्ये गाझात एका इस्रायली ट्रकच्या धडकेत चार पॅलेस्टिनी कामगार ठार झाले आणि उठाव पेटला. तो ट्युनिसच्या हुकमाने पेटला नव्हता; तेथील नेत्यांनाही तो अनपेक्षित होता. लोकच उठले. पण टिकून राहायला जाळे लागते आणि ते विणलेले होते. पत्रके निघाली, दुकाने ठरल्या वेळी बंद झाली, मजुरांनी संप केले, शाळांना कुलपे ठोकली गेली तेव्हा घराघरांत वर्ग भरले. अबू जिहाद ट्युनिसहून पैसा, निरोप आणि समन्वय पाहत होता. दगड हातात घेतलेल्या पोरांनी आणि भाजी पिकवणाऱ्या बायांनी जगाचे जे लक्ष वेधले, ते वीस वर्षांच्या बंदुकीने वेधले नव्हते.

१६ एप्रिल १९८८ च्या पहाटे समुद्रमार्गे आलेल्या इस्रायली कमांडोंनी ट्युनिसजवळच्या घरात शिरून त्याला पत्नीदेखत गोळ्या घातल्या. त्या वेळी इस्रायलचा संरक्षणमंत्री होता यित्झाक राबिन. सुरक्षा परिषदेने ठराव ६११ करून या हल्ल्याचा निषेध केला. इस्रायलमध्ये ही गोष्ट उघडपणे छापायला नोव्हेंबर २०१२ उजाडावे लागले. खलीलचे दफन दमास्कसच्या यार्मूक छावणीत झाले. पुढे सीरियाच्या यादवीत ती छावणीही उद्ध्वस्त झाली. राबिनने १९९३ मध्ये अराफतशी हस्तांदोलन केले आणि १९९५ मध्ये एका ज्यू माथेफिरूने त्याला मारले. इंतिसार पॅलेस्टिनी प्राधिकरणात समाजकल्याण मंत्री झाली.

खलील गेला, पण उठाव थांबला नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्याची खरी परीक्षा येथे होते. बंदूक चालवणारा पडला की बंदूक खाली पडते; संघटना नीट बांधली असेल तर बांधणारा पडल्यावरही ती उभी राहते.

रामल्याची एक गोष्ट सांगून थांबतो. त्या शहरात आज मराठी ऐकू येते. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायली, येथे ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांतले बरेच जण तेथे स्थायिक झाले. त्यांनाही तेथे सुख लागले नाही. धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणाविषयी, लग्नसंबंधांविषयी शंका घेतली. १९६४ मध्ये त्यांना धरणे धरून समान हक्क मिळवावा लागला. तुम्ही अस्सल की कमअस्सल, हा प्रश्न विचारणारा तेथेही होताच. म्हणजे एकाच गावात एक हुसकावलेला आणि एक कमी लेखलेला, आणि दोघांची कधी गाठ पडली नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली. त्यानंतरच्या युद्धात, तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, गाझात साठ हजारांहून अधिक माणसे मेली. खलील जेथे शिकला ते अल-बुरैजही त्यातून सुटले नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याचा प्रश्न जुना झालेला नाही. त्याला आता मी एवढेच सांगेन : बाबा, एक शब्द मागू नकोस. या माणसावर अन्याय झाला, हे लिही. त्याने शिकवले, मासिक चालवले, संघटना बांधली, हे लिही. त्याच्या आखणीत मुले मेली, हेही त्याच वहीत लिही. मग त्यातले आपण काय उचलायचे आणि काय टाकायचे, ते तूच ठरव.