कपाळावरचं मीठ

मे महिन्यातली सकाळ, सहाला पाच कमी. रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातल्या या घरात चहाच्या आधी एक काम असतं. सात वर्षांची बाय डाव्या कुशीवर निजली आहे आणि आई तिच्या बरगड्यांवर थापटते आहे. थप थप, थप थप. शेजारच्या घरात कुणीतरी तांदळाची भाकरी थापायला घेतलीय. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच ताल चालू आहे.

"भाकरीचा हात इथे चालत नाही ताई," आई माझ्याकडे न बघता सांगते. "सपाट बसला तर पोरीला लागतं. ओंजळीसारखा पोकळ ठेवायचा. आतली हवा धक्का देते, मग कफ सुटतो."

डावी कुस, उजवी कुस, मग पाठ. मध्येच बाय उठून बसते आणि आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून 'हाः' करून श्वास सोडते. दोनदा, तीनदा. मग खोकला येतो, छातीच्या तळातून. आई स्टीलची वाटी पुढे धरते. वाटीत पडलेला कफ डिंकासारखा चिकट आहे, वाटी तिरकी केली तरी ओघळत नाही. आई तो उजेडाकडे नेऊन बघते.

"पांढरा आहे. हिरवा असला की आमची सुट्टी संपली."

हिरवा म्हणजे स्यूडोमोनासची शंका. हा जंतू नळाच्या पाण्यात आणि ओल्या मातीतही सापडतो, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण बायच्या फुप्फुसात त्याने घर केलं तर पुन्हा काढणं महाकठीण.

आता नेब्युलायझर. मास्कमधून मिठाच्या पाण्याची वाफ आत जाते. हे पाणी तीन टक्क्यांचं आहे. घरामागच्या समुद्राचा खारटपणा साधारण साडेतीन टक्के. हा योगायोग वाटला तरी त्याला इतिहास आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हाच आजार असलेली, पण समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणारी मुलं छातीने बरी राहतात. त्यातून खाऱ्या पाण्याच्या वाफेच्या चाचण्या झाल्या आणि २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. मिठामुळे पाणी ओढलं जातं आणि सुकलेला कफ पातळ होतो. मी हे सांगते तेव्हा बाय मास्क बाजूला करून विचारते, "मग मी भाट्याला जाऊन डुंबू?" आई मास्क पुन्हा बसवते. समुद्रकाठी राहिल्याने काही होत नाही, नाहीतर ही इथेच तर जन्मली.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. घरात त्याला 'सीएफ' म्हणतात, आणि घराबाहेर 'दमा'. पेशींच्या आवरणात क्लोराइडची ये-जा सांभाळणारं एक प्रथिन असतं. ते ज्या जनुकावरून बनतं ते सातव्या गुणसूत्रावर १९८९ मध्ये सापडलं. हे जनुक बिघडलं की फुप्फुसातला कफ घट्ट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि पाचकरस आतड्यात पोचत नाही. आणि घामात मीठ राहून जातं.

स्वयंपाकघरात आजी बसली आहे. माळकरी. घरात मासे शिजतात पण तिची भांडी वेगळी. तिचा रक्तदाब चढतो म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. बायला मात्र मीठ जास्त. एकाच पातेल्यातली पेज दोन ताटांत जाते, एका ताटाला वरून चिमूटभर मीठ आणि तूप, दुसऱ्याला काहीच नाही. आजी स्वतःची अळणी पेज ओरपते आणि नातीच्या ताटाकडे बघून म्हणते, "माज्या वाटचं पण हीच खातेय."

मिठाचं पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. युरोपात जुन्या काळी म्हणत, ज्या मुलाचं कपाळ मुका घेताना खारट लागतं ते फार जगत नाही. आपल्याकडे अशी म्हण होणार कशी? वैशाखात पारा चौतिसावरच असतो, पण हवा इतकी दमट की सगळ्यांचीच कपाळं खारट. आजीला चव नव्हती कळली, तिला दाणे दिसले. दुपारी झोपलेल्या पोरीच्या कानशिलापाशी घाम सुकला आणि तिथे पांढरी रेघ राहिली. तिने नखाने खरवडली. "मिठागरात बांधावर राहतं ना, तसं," ती मला सांगते.

तेव्हा बाय तीन वर्षांची होती. त्याआधीचं सगळं आई बोटांवर मोजते. चार महिन्यांची असताना मे महिन्यात ओकाऱ्या होऊन लेचीपेची झाली, उन्हाळा बाधला म्हणून सलाइन लावलं, रक्तात सोडियम आणि पोटॅशियम उतरलेलं निघालं, चढवलं आणि घरी पाठवलं. मग दोनदा न्यूमोनिया. मग जंतू न सापडताच सहा महिने क्षयाच्या गोळ्या. शौचाला तेलकट, घाण वास, भांड्यात तरंगणारं. भूक अशी की भावाच्या ताटातलं ओढून खाई, पण अंगाला लागत नव्हतं. शेजारणी दृष्ट काढा म्हणाल्या, कुणी मुडदूस म्हणालं.

न्यूयॉर्कमध्ये १९४८ च्या उन्हाळ्यात अशीच मुलं रुग्णालयात आली होती, उष्म्याने कोसळलेली. पॉल डी सांताग्नेझे या डॉक्टरांनी त्यावरून त्यांच्या घामाचा माग काढला आणि १९५३ मध्ये घामातलं जादा मीठ जगापुढे मांडलं. आजचं निदान त्याच धाग्यावर उभं आहे. हातावर औषध लावून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, अर्धा तास घाम गोळा करायचा, क्लोराइड मोजायचं. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघालं तर हा आजार. बायचं शंभराच्या पुढे होतं. ती तपासणी मुंबईत झाली.

वडील मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून परत आले आहेत, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यांच्या पाठोपाठ मांजर येतं. ते हात धुतात, साबणाने, कोपरापर्यंत, मग लेकीजवळ जातात.

न्याहारीला तूप लावलेलं घावन आणि रस. आई एक कॅप्सूल उघडते, आतले बारीक दाणे चमचाभर हापूसच्या रसावर पाडते आणि पहिल्या घासाआधी बायला देते. दाणे चावायचे नाहीत, गिळायचे. दुधात किंवा गरम पदार्थात टाकायचे नाहीत, ते आधीच फुटतात. आंबटसर रस चालतो. तळलेलं, तुपाचं काही असलं की एक कॅप्सूल जादा. ही पाचकद्रव्यं डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. हे कळलं त्या दिवशी घरात कुणी बोललं नव्हतं. शेवटी माळ चाचपत आजीच म्हणाली, "औषध ता औषध. पोर जगूदे."

साडेदहाला मारुती मंदिराजवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जायचं आहे. वेळ ठरलेली, मागेपुढे चालत नाही. या शहरात डॉक्टरांच्या माहितीतलं दुसरं सीएफचं मूल राजिवड्याला आहे, अकरा वर्षांचा मुलगा. त्याला साडेबाराची वेळ. दोघांना एका खोलीत बसवत नाहीत, कारण एकाच्या छातीतला जंतू दुसऱ्याला लागला तर भारी पडतो. या आजाराची माणसं जगभर एकमेकांपासून किमान सहा फूट लांब राहतात. ज्यांना एकमेकांचं दुखणं सगळ्यात जास्त कळतं त्यांनीच शेजारी बसायचं नाही.

डॉक्टर स्टेथोस्कोप ठेवतात, बोटांची टोकं बघतात, वजन करतात. सोळा किलो दोनशे. गेल्या वेळेपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. आई हसते.

मग डॉक्टर कागद पुढे ओढून चार चौकोन काढतात. हे चित्र त्यांनी आधीही काढलंय, पण आज आजी पहिल्यांदाच आली आहे. आई सासूला 'आत्या' म्हणते, कारण ती तिची सख्खी आत्याच. मामाची मुलगी सून म्हणून आणली. डॉक्टर समजावतात: आजी आणि तिचा भाऊ, दोघांना आईकडून किंवा वडिलांकडून बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आली. एक प्रत असून काहीच होत नाही, म्हणून ऐंशी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. दोन पिढ्यांनी त्या दोन प्रती बायच्या अंगात भेटल्या. पुढच्या प्रत्येक बाळाला पुन्हा चारात एक धोका.

"म्हंजे माज्यातून गेला," आजी म्हणते.

"माझ्या बाबांतूनसुद्धा, आत्या," सून म्हणते आणि तिचा हात धरते.

डॉक्टर विषय पुढे नेतात. हा गोऱ्यांचा आजार असं शिकवलं गेलं, तेच नडलं, असं ते सांगतात. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अडीच-तीन हजार जन्मांमागे एक मूल, म्हणून तिथे नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. भारतात पहिला रुग्ण १९६८ मध्ये नोंदला गेला. अंदाज आहेत ते चाळीस हजार ते एक लाखात एक असे, पण शोधलंच नाही तर सापडणार कुठून? कुणाच्या फाइलवर बालदमा, कुणाच्या क्षय. कधी तिशीतला पुरुष येतो, खोकला नाही, मूल होत नाही. जन्मापासून शुक्रवाहिन्याच नसतात, आणि मुळाशी हेच जनुक. तोवर बोल लागलेला असतो बायकोला. सीएफच्या मुली मोठ्या होऊन आई होऊ शकतात, पुरुषांना मात्र बहुधा वैद्यकीय मदत लागते.

बिघाडांचे प्रकार दोन हजारांच्या वर आहेत. गोऱ्या रुग्णांत एकच प्रकार बहुतेकांच्या अंगात असतो, एफ-५०८-डेल. भारतातल्या अभ्यासांत बिघडलेल्या जनुकांपैकी तो शंभरात १९ ते ३४ एवढाच सापडला. गोऱ्यांसाठी बेतलेली जनुकतपासणी आपल्या मुलांना निसटू देते, आणि औषधाचंही तेच. बिघडलेल्या प्रथिनालाच दुरुस्त करणारं ट्रायकाफ्टा अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झालं. तिथेच झालेल्या एका अभ्यासात अशा औषधांना पात्र ठरणारे गोरे रुग्ण शंभरात ९२ होते, कृष्णवर्णीय ७०.

राजिवड्याच्या मुलाचे आईवडील नात्यातले नाहीत. त्याच्या एका प्रतीवर एफ-५०८-डेल आहे, म्हणजे ते औषध त्याला लागू पडेल. वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर. बायच्या दोन्ही प्रतींवर एकच विरळा बिघाड, त्याच्यावर ते चालेल की नाही हेच ठरलेलं नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सीएफचं नाव आहे. ही महागडी औषधं मात्र तिसऱ्या गटात, जिथे खर्च प्रचंड आणि उपचार जन्मभराचे.

फोन वाजतो. राजिवड्याच्या मुलाची आई. दोघी कधी भेटलेल्या नाहीत, पण रोज बोलतात. "वहिनी, कॅप्सूल आल्या का तुमच्या दुकानात?" डुकराचा प्रश्न तिच्याही घरी आला होता. मौलवींना विचारलं, ते म्हणाले, दुसरं औषध नसेल तर जीव वाचवायला चालतं. आजीचं आणि त्यांचं उत्तर एकच निघालं.

आम्ही गॅलरीत येतो. बारा वाजून वीस मिनिटं. खाली रिक्षा थांबते, तोंडाला मास्क लावलेला उंचाडा, काटकुळा मुलगा उतरतो आणि वर बघतो. बाय कठड्यावरून वाकून दोन्ही हात हलवते. तो एक हात वर करतो, मग वहाणा वाजवत जिन्याच्या उलट्या बाजूला, सावलीत जाऊन उभा राहतो. आम्ही उतरून लांब गेल्याशिवाय तो वर चढणार नाही. आई हात ओढते तेव्हा बायच्या कपाळावर घामाची रेघ सुकायला लागली आहे, पांढरी.

तुमच्या घरात, वाडीत एखादं मूल भरपूर खाऊनही वाळत असेल, बारा महिने खोकत असेल, घाम सुकल्यावर त्याच्या अंगावर मिठाचे दाणे दिसत असतील, तर दृष्ट काढा हवी तर, पण डॉक्टरांना घामाच्या तपासणीचं विचारा. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी घाम गोळा करून क्लोराइड मोजायची देशी पद्धत २००२ मध्येच छापून दिली आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ती करता येईल. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. घामातलं मीठ मोजायला एवढा प्रवास लागू नये.