पाऊस, पत्र आणि २८ दिवस

हरिहरेश्वरहून दक्षिणेला जायचं तर बागमांडल्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघावी लागते. इथेच बाणकोट खाडीवर रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा पूल व्हायचा आहे. एवढी मोठी कामं आली की फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेच्या नमुना करारांचा विषय निघतो, आणि त्याबरोबर गैरसमजही.

'ही परदेशी भानगड आपल्याकडे कशाला?' ती आपल्या रायगड जिल्ह्यात येऊनही गेली. अटल सेतू जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून झाला, आणि जायकाच्या प्रमाण निविदांचा पाया फिडिकच्याच अटी आहेत. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या फिडिकने २०१७ मध्ये नमुना करारांची आपली लाल, पिवळी आणि चंदेरी पुस्तकं सुधारून काढली. पीडब्ल्यूडीच्या बी-१ फॉर्मवर वाढलेल्या ठेकेदाराला ती जाडजूड वाटतात, हे खरं.

सगळ्यांत महाग पडतो तो पावसाचा गैरसमज. 'पाऊस लागला, मुदतवाढ मिळणारच.' नाही! लाल पुस्तकात मुदतवाढ आहे ती हवामानाची आकडेवारी पाहूनही अंदाज आला नसता, अशा अपवादात्मक हवेसाठी. कोकणातला आषाढ कुणाला अनपेक्षित असतो? तो वेळापत्रकात आधीच धरायचा. ३ जून २०२० ला श्रीवर्धन तालुक्याला झोडपणाऱ्या निसर्ग चक्रीवादळासारखी आपत्ती वेगळी. तिथेही १४ दिवसांत नोटीस द्यावी लागते. आणि मुदत वाढली तरी खोळंब्याचा खर्च मिळत नाही.

'पत्र पाठवलं की साहेब दुखावतात' ही समजूत तर मुळातूनच जायला हवी. दाव्याची नोटीस २८ दिवसांत, नाहीतर हक्क गेला; सविस्तर तपशील ८४ दिवसांत. १९९९ च्या आवृत्तीत २८ दिवसांचा धाक ठेकेदारालाच होता. २०१७ पासून काम देणाऱ्यालाही तोच. भारतीय करार कायद्याचं कलम २८ हक्क बुडवणाऱ्या मुदतींना मान्यता देत नाही, असा युक्तिवाद वकील करतील. त्या भरवशावर पत्र लांबवणं मला धोक्याचं वाटतं.

'शेवटी लवाद आहेच' असंही म्हणतात. पण केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सरकारी खरेदी करारांतला लवाद साधारणपणे १० कोटींच्या आतल्या वादांपुरता ठेवायला सांगितलं. नव्या पुस्तकांत वाद टाळणारं मंडळ कामाच्या सुरुवातीपासूनच नेमायचं असतं. फी वाचवायला ते कलम खोडलं, तर सुधारित कराराचा गाभाच गेला.

म्हणून तयारी बघायची ती साइटवरच्या रोजनाम्यात: आज भरती किती वाजता आली, बार्ज किती तास उभा राहिला, नकाशा कोणत्या तारखेला हाती पडला, आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का.